आंजेलिका काउफमान : एक गुणी मुलगी व तिचें घर

मुलींच्या अंगच्या गुणांविषयीं आपल्या घरांतून एक चमत्कारिक रीत दिसून येते. गुण असल्याचें सर्वांस ठाऊक असतें, चार पाहुणे आले म्हणजे त्याचें प्रदर्शनहि होतें. पण त्या गुणाला वेळ लागतो, साधनें लागतात, गुरु लागतो आणि वडीलधाऱ्यांचा पाठिंबा लागतो, ही गोष्ट फारसें कोणी मनावर घेत नाहीं. मुलाची गणिताची बुद्धि दिसली कीं त्याला शिकवणी लागते. मुलीचा हात चित्रांत चालतो असें दिसलें कीं तिच्याकडून दिवाळीची रांगोळी काढवून घेतात, आणि कौतुकाची तेवढ्यावर समाप्ति होते. आज या सदरांत आम्ही जें चरित्र सांगणार आहों तें अडीचशें वर्षांपूर्वींच्या एका परदेशी चित्रकर्तीचें आहे. तिचा धर्म निराळा, चालीरीति निराळ्या. तथापि तिच्या आयुष्यांतील मुख्य प्रश्न आपल्या ओसरीवरचाच आहे, म्हणून तें आपल्या वाचकांपुढें ठेवावेसें वाटलें.

आंजेलिका काउफमान हिचा जन्म ३० ऑक्टोबर १७४१ रोजीं कूर या गांवीं झाला. आल्प्स पर्वताच्या कुशींतील हें जुनें गांव ग्राउब्युंडन प्रांताचें मुख्य ठिकाण असून तो प्रांत १८०३ सालीं स्वित्झर्लंडच्या संघराज्यांत रीतसर सामील झाला. बाप योहान योसेफ काउफमान हा मूळचा शेजारच्या ऑस्ट्रियांतील श्वार्त्सेनबेर्ग या खेड्याचा. धंद्यानें चित्रकार, पण बेताच्या प्रतीचा. गांवोगांव फिरून चर्चच्या भिंती रंगवाव्या, कोणा बड्या माणसाची तसबीर काढावी, आणि काम संपलें कीं बिऱ्हाड उचलावें, अशी त्याची वृत्ति. आई क्लेओफेआ लुत्स ही सुईणीचें काम करीत असे. मुलगी लहान असतांनाच हें कुटुंब कूर सोडून इटलीच्या बाजूस गेलें. प्रथम मोर्बेन्यो व पुढें कोमो येथें राहिलें. त्यामुळें हिला स्विस म्हणावें कीं ऑस्ट्रियन, हा गोड वाद त्या दोन देशांत उरलाच आहे. स्विस लोक तिला आपल्या थोर चित्रकारांत गणतात, तर ऑस्ट्रियानें १९६९ सालच्या शंभर शिलिंगांच्या नोटेवर तिची छबी छापली होती. गुणी लेकराला दोन्हीं घरचीं माणसें आपलेंच म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

चित्रकार म्हणून हा बाप सामान्य होता. पारखी म्हणून मात्र असामान्य. मुलीचा हात आपल्या हातापेक्षां श्रेष्ठ आहे हें त्यानें लवकरच ओळखलें, आणि ओळखल्यावर त्याचा विषाद मानला नाहीं. त्या काळीं चित्रकलेचें शिक्षण उस्तादाच्या हाताखालीं उमेदवारी करून मिळे, व ही उमेदवारी बहुधा मुलांनाच मोकळी असे. मुलीला ही विद्या मिळावयाची तर एकच शाळा होती, ती म्हणजे बापाची खोली. योहान योसेफनें ही शाळा मन लावून चालविली. जुन्या चित्रांचे कोरीव छापे व प्लास्टरच्या मूर्ति तो तिच्यासमोर ठेवी, तिच्याकडून त्यांच्या नकला करवून घेई. परिणाम असा झाला कीं बाराव्या वर्षाच्या सुमारास तिनें कोमोच्या बिशपची, म्हणजे तेथील मुख्य धर्माधिकाऱ्याची, तसबीर काढली. १७५३ सालीं तिनें काढलेलें स्वतःचें एक चित्र इन्सब्रुक येथील संग्रहालयांत आहे. त्यांत हातांत सुरावटीचा कागद धरलेली एक लहान मुलगी मोठ्या माणसाच्या शांतपणानें आपल्याकडे पाहते.

सुरावटीचा कागद त्या चित्रांत उगाच आलेला नाहीं. आंजेलिकेचा गळा गोड होता व वाद्यावर हातहि चांगला चालत असे. इतका कीं तिनें गायिका व्हावें कीं चित्रकर्ती, असा खरोखरीचा पेंच पडला. एका धर्मगुरूच्या सल्ल्यानें तिनें चित्रकला पत्करली असें सांगतात. आपल्या विष्णुधर्मोत्तर पुराणांत वज्र राजा व मार्कंडेय ऋषि यांचा एक संवाद आहे. राजाला मूर्ति कशी घडवावी तें शिकावयाचें असतें. ऋषि म्हणतात, त्यासाठीं आधीं चित्र समजलें पाहिजे, चित्रासाठीं नृत्य, नृत्यासाठीं वाद्य आणि वाद्यासाठीं गीत. सर्व कला एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत हें आपल्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. परंतु हें जाणणें निराळें आणि त्यांतील एकीवर आयुष्य वेंचणें निराळें. ही निवड आंजेलिकेच्या मनांतून कधींच गेली नाहीं. १७९४ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, तिनें काढलेलें एक चित्र इंग्लंडांतील नॉस्टेल प्रायरी या वाड्यांत आहे. त्यांत तरुण आंजेलिका मध्यें उभी असून एका बाजूस तांबडीं वस्त्रें ल्यालेली संगीतदेवता बसली आहे. दुसऱ्या बाजूस रंगपाटी घेतलेली चित्रदेवता दूर डोंगरावरील मंदिराकडे बोट दाखवीत आहे. आंजेलिका चित्रदेवतेकडे वळण्याच्या बेतांत आहे. पण संगीताचा हात तिनें अजून प्रेमानें धरून ठेविला आहे. संसारापायीं ज्यांनीं एखादी आवड बाजूस ठेविली असेल, त्यांना हें चित्र समजावून सांगावें लागणार नाहीं.

१७५७ सालीं आई वारली. आंजेलिका तेव्हां पंधरा वर्षांची होती. बाप तिला घेऊन आपल्या मूळ गांवीं श्वार्त्सेनबेर्गला गेला. तेथील चर्च दोन वर्षांपूर्वीं आगींत जळलें होतें, व नवें बांधलेलें चर्च रंगवावयाचें होतें. बापलेकींनीं तें काम मिळून केलें, आणि भिंतींवरील बारा प्रेषितांचीं चित्रें मुलीनें काढलीं. तीं आजहि तेथें पाहावयास मिळतात. असें भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर काढावें लागतें. गिलावा वाळण्यापूर्वीं रंग बसला पाहिजे. हात चुकला तर गिलावा खरवडून पुन्हां आरंभ. असलें अवघड काम बापानें पंधरासोळा वर्षांच्या मुलीकडे दिलें. मुलीची जात, दमेल, पडेल, लोक काय म्हणतील, असें म्हणून काढून घेतलें नाहीं. शिकविणारे पुष्कळ असतात. शिकविल्यावर काम सोंपविणारे फार थोडे.

पुढें बापलेक पुन्हां इटलींत गेलीं. इटली म्हणजे त्या वेळच्या चित्रकारांची काशी. १७६२ सालीं फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीनें तिला सभासद करून घेतलें. १७६३ सालीं ती रोमला आली. तेथें प्राचीन शिल्पाचा मोठा जर्मन पंडित विंकेलमान राहत होता. १७६४ सालीं तिनें काढलेली त्याची तसबीर आज झ्यूरिकच्या कलासंग्रहांत आहे. पंडित लिहावयास बसला आहे, हातांत लेखणी आहे, आणि लिहितां लिहितां मान वर करून तो कशाचा तरी विचार करीत आहे. अंगावर दागदागिना नाहीं, पदक नाहीं. विद्वान मनुष्याचें सगळें वैभव त्याच्या नजरेंत असतें हें त्या बावीस वर्षांच्या मुलीनें बरोबर हेरलें होतें. विंकेलमानानें आपल्या पत्रांत तिच्या कलेबरोबर तिच्या भाषाज्ञानाचीहि तारीफ केली आहे. जर्मन, इटालियन, फ्रेंच व इंग्रजी अशा चार भाषा ती बोलत असे. व्यक्तिचित्रकारास ही विद्या फार उपयोगी पडते. तसबीर काढवून घेणारा मनुष्य तासन् तास समोर बसावयाचा. त्याच्याशीं त्याच्या भाषेंत चार शब्द बोलतां आले तर चेहरा मोकळा राहतो, नाहीं तर लाकडासारखा होतो. १७६५ सालीं रोमच्या सेंट लूक अकादमीनें तिला सभासदत्व दिलें. तेव्हां तिचें वय तेवीस. एवढा मान मिळाल्यावर येथून पुढें आपणहि तिला एकेरी न संबोधितां बाई असेंच म्हणूं.

आतां थोडें विषयांतर करून व्यक्तिचित्राविषयीं सांगणें जरूर आहे. आपल्या जुन्या कथांना ही कला अपरिचित नाहीं. उषेला स्वप्नांत दिसलेला तरुण कोण हें शोधण्यासाठीं तिची सखी चित्रलेखा एकामागून एक राजपुत्रांचीं चित्रें काढते, आणि अनिरुद्धाचें चित्र समोर येतांच उषा लाजून खालीं पाहते. चित्र हुबेहूब उतरल्याचा याहून चांगला दाखला कोणता? परंतु त्या काळच्या यूरोपांत चित्रांचीहि एक वर्णव्यवस्था होती. सर्वांत वर इतिहास-पुराणांतील प्रसंगांचीं चित्रें, त्याखालीं व्यक्तिचित्रें, आणि देखावे व फळेंफुलें त्याहून खालीं. प्रसंगचित्र काढावयाचें तर शरीराची घडण कळली पाहिजे, आणि ती कळावी म्हणून चित्रशाळांतून उघड्या अंगाचा पुरुष समोर उभा करून त्यावरून रेखाटन करीत. या वर्गास स्त्रियांना मज्जाव होता. म्हणजे वरच्या पायरीची किल्ली ज्या खोलींत, तिचें दारच त्यांना बंद. आंजेलिकाबाईंनीं चरितार्थासाठीं व्यक्तिचित्रें काढलीं, पण प्रसंगचित्रांची उमेद सोडली नाहीं. प्राचीन मूर्ति व त्यांचे साचे हेच त्यांनीं आपले गुरु केले, आणि त्यांच्यावरून जेवढें शिकतां आलें तेवढें शिकल्या. होमरच्या काव्यांतील हेक्टर व अँड्रोमकी या पतिपत्नींची रणांगणावर जाण्यापूर्वींची भेट त्यांनीं रंगविली, तें चित्र याच हट्टाचें फळ होय.

व्हेनिसमध्यें असतां लेडी वेंटवर्थ या इंग्रज बाईंशीं त्यांचा परिचय झाला, व त्यांच्याबरोबर १७६६ सालीं आंजेलिकाबाई लंडनला गेल्या. बाप मागाहून येऊन मिळाला. लंडनमध्यें त्या वेळीं तसबिरींचा मोठा हंगाम होता. ज्याच्याजवळ पैसा तो आपली छबी काढवून घेई. जोशुआ रेनल्ड्स हा तेथील चित्रकारांचा मुकुटमणि. त्यानें बाईंची योग्यता ओळखली; दोघांनीं एकमेकांचीं चित्रें काढलीं. १७६७ सालीं इंग्लंडच्या राजाची बहीण, ब्रन्स्विकची डचेस, हिची लहान मुलासह तसबीर बाईंनीं काढली, आणि मग सरदार घराण्यांतील मंडळींचा ओघ त्यांच्या दाराकडे वळला. गोल्डन स्क्वेअर या भागांत त्यांनीं प्रशस्त बिऱ्हाड केलें. चित्रांचे कोरीव छापे निघाले. पंखे, चिनीमातीचीं भांडीं, मेज-कपाटें यांवर त्यांच्या आकृति उमटूं लागल्या. ज्यांना मूळ चित्र परवडण्यासारखें नव्हतें, अशा घरांतहि त्यांची कला याप्रमाणें पोंचली.

आणि याच भरभराटींत घात झाला. स्वीडनचा काउंट हॉर्न असें स्वतःस म्हणविणारा एक रुबाबदार गृहस्थ लंडनमध्यें वावरत होता. त्यानें बाईंशीं परिचय वाढवून १७६७ सालीं गुप्तपणें विवाह केला. थोड्याच दिवसांत उघड झालें कीं हा काउंट त्या नांवावर फिरणारा तोतया आहे. १७६८ च्या आरंभीं तीनशें पौंड देऊन त्याला वाटेस लावावें लागलें. बाई कॅथॉलिक पंथाच्या. त्या पंथांत पति जिवंत असतां पुनर्विवाह नाहीं. तो मनुष्य १७८० च्या सुमारास मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षें, त्या ना सधवा ना विधवा अशा स्थितींत राहिल्या.

या ठिकाणीं घरांतील वडील मंडळींनीं क्षणभर थांबून विचार करावा अशी आमची विनंति आहे. सव्वीस वर्षांची मुलगी, बापाच्या परोक्ष लग्न, फसवणूक, आणि शहरभर बोभाटा. असल्या प्रसंगीं घरें काय करतात हें आम्हीं शाळामास्तरकींतील इतक्या वर्षांत पुष्कळदां पाहिलें आहे. मुलीला घरांत घेतात. पण शब्दांनीं तिला रोज बाहेर काढतात. तिची विद्या बंद होते, पुस्तकें माळ्यावर जातात, आणि 'आतां कशाला हवें तें' हें वाक्य घरांतील प्रत्येकाच्या तोंडीं बसतें. काउफमानाच्या घरीं तसें झालें नाहीं. बाप मुलीजवळच राहिला, आणि मुलीच्या हातांतील कुंचला सुटला नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस, १० डिसेंबर १७६८ रोजीं, लंडनची रॉयल अकादमी स्थापन झाली. तिच्या संस्थापक-सभासदांत आंजेलिका काउफमान हें नांव होतें. ज्या वर्षाच्या आरंभीं अब्रूचे धिंडवडे निघाले, त्याच वर्षाच्या शेवटीं हा मान!

संस्थापकांत स्त्रिया दोनच: आंजेलिकाबाई, व फुलांच्या चित्रांसाठीं नांवाजलेल्या मेरी मोझर. योगायोग असा कीं मेरीचे वडीलहि मूळचे स्वित्झर्लंडांतील शाफहाउझेन गांवचे. परंतु मान मिळाला म्हणून जागा मिळतेच असें नाहीं. योहान झोफानी या चित्रकारानें १७७१-७२ मध्यें अकादमीच्या सभासदांचें एक समूहचित्र काढलें. उघड्या अंगाचा पुरुष समोर आहे व सभासद त्याच्या भोंवतीं जमले आहेत. अशा खोलींत स्त्रिया कशा दाखवाव्या? झोफानीनें युक्ति लढविली. दोघींचे चेहरे भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून रंगविले. सभेंत हजर, पण चौकटींत बंद! अकादमीच्या शाळेंत पहिली विद्यार्थिनी शिरली ती १८६० सालीं. आणि तीहि लॉरा हर्फर्ड या बाईनें चित्रावर नांवाऐवजीं नुसतें आद्याक्षर घातल्यामुळें तें पुरुषाचें काम समजून प्रवेश मिळाला. पूर्ण सभासद म्हणून स्त्री निवडून येण्यास तर १९३६ साल उजाडलें. ती लॉरा नाइट. मध्यें एकशें अडुसष्ट वर्षें गेलीं.

आंजेलिकाबाईंनीं या वागणुकीचें उत्तर आपल्या कामांतून दिलें. अकादमीच्या नव्या वास्तूंतील सभागृहाच्या छतासाठीं चार लंबगोल चित्रें १७७८ ते १७८० च्या दरम्यान त्यांनीं काढलीं. कल्पना, रचना, रेखाटन व रंग हीं चित्रकलेचीं चार अंगें त्यांचा विषय. चारी ठिकाणीं त्यांनीं स्त्रीची आकृति योजिली. 'रंग' या चित्रांतील स्त्री इंद्रधनुष्याला कुंचला लावून रंग उचलते आहे, व तिच्या पायाशीं रंग बदलणारा सरडा आहे. 'रेखाटन' या चित्रांतील स्त्री एका प्राचीन पुरुषमूर्तीच्या धडावरून रेखाटन करीत बसली आहे. ज्या विद्येस बाईंना मज्जाव, तीच विद्या करणारी स्त्री त्यांनीं मज्जाव करणारांच्या डोक्यावर नेऊन बसविली. हीं चारी चित्रें आज अकादमीच्या बर्लिंग्टन हाउस या इमारतीच्या प्रवेशदालनांत वरच्या बाजूस आहेत.

गप्प बसण्याच्या जागीं त्या गप्प बसल्या, तशा बोलण्याच्या जागीं बोलल्याहि. १७७५ सालीं नॅथॅनिएल होन यानें अकादमीच्या प्रदर्शनासाठीं एक चित्र पाठविलें. त्याचा रोख रेनल्ड्सवर होता. पण त्यांत नागव्या आकृतींचा एक लहान घोळका होता, आणि त्यांतील एक आकृति आंजेलिकाबाईंची असल्याचा बोभाटा झाला. बाईंनीं अकादमीस पत्र लिहून तें चित्र काढून टाकण्याची मागणी केली. अकादमीनें चित्र नाकारलें, व होन यास त्या आकृतींवर रंग फासावा लागला. बदनामीला उत्तर दिलें तर ती अधिक वाढते, असा सल्ला स्त्रियांना नेहमींच मिळतो. बाईंनीं तो मानला नाहीं आणि त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं.

तोतया मेल्यावर, १७८१ च्या जुलै महिन्यांत, बाईंनीं आंतोनियो झुक्की या व्हेनिसच्या चित्रकाराशीं विवाह केला. झुक्की त्यांच्याहून पंधरा वर्षांनीं वडील, शांत व व्यवहारी. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यानें लग्न होतांच बायकोची मिळकत नवऱ्याच्या ताब्यांत जाई. म्हणून बाईंची कमाई त्यांच्या स्वाधीन राहावी असा करार आधीं करून घेण्यांत आला. पोळलेल्या माणसानें ताक फुंकून पिणें यांत लाज कसली? लग्नानंतर बापासह सर्व मंडळी इटलीस निघाली. १७८२ च्या जानेवारींत व्हेनिस येथें बाप वारला. त्याच सालीं बाई रोममध्यें स्थायिक झाल्या. नेपल्सच्या राणीनें त्यांना दरबारी चित्रकार नेमूं केलें होतें. बाईंनीं राजकुटुंबाचें मोठें चित्र काढून दिलें, पण नोकरी घेतली नाहीं.

झुक्कीचें एक काम आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. स्वतः चित्रकार असून त्यानें पत्नीच्या चित्रांची वही ठेविली. कोणतें चित्र, कोणासाठीं, केवढें, किंमत काय, हें सर्व त्यांत नोंदलें आहे. ही हस्तलिखित वही आज लंडनच्या रॉयल अकादमीपाशीं असून बाईंच्या रोममधील कामाची बरीचशी खात्रीची माहिती तिच्यामुळेंच मिळते. बायकोच्या कामाचा हिशेब नवऱ्यानें लिहावा, ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाहीं. ज्या कामाचा हिशेब ठेवितात तेंच काम घरांत काम म्हणून मानलें जातें.

परंतु या नाण्याला दुसरी बाजूहि आहे. १७८६ ते १७८८ या काळांत जर्मन महाकवि ग्योथे रोममध्यें होता व झुक्कींच्या घरीं त्याचें जाणें-येणें असे. त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत बाईंच्या कलेची व स्वभावाची स्तुति केली आहे, पण एक बोंचणारी गोष्टहि नोंदून ठेविली आहे. बाईंना विक्रीसाठीं चित्रें काढण्याचा कंटाळा आला होता. नवऱ्याला मात्र इतका पैसा घरांत येतो याचेंच सुख वाटे. जें घर मुलीच्या विद्येस आधार देतें, तेंच घर पुढें तिच्या विद्येवर जगूं लागतें, आणि मग विद्या हीच बेडी होते. ग्योथेचें व्यक्तिचित्रहि बाईंनीं १७८७ सालीं काढलें. तो देखणा तरुण आहे खरा, पण त्यांत आपला मागमूस नाहीं, असा अभिप्राय ग्योथेनें दिला. त्यांत तथ्य आहे. बाईंचे पुरुष थोडे कोमल उतरतात, चेहऱ्यांत गोडवा सरसकट येतो. फार मागणी आली म्हणजे हाताला एक वळण पडतें, त्याचा हा दोष. ज्या हातानें विंकेलमानाची तसबीर काढली, त्या हाताला सवड मिळती तर आणखी काय निघतें, असें मनांत येतें.

रोममधील चित्रांपैकीं एकाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. प्राचीन रोममध्यें कॉर्नेलिया नांवाची एक विदुषी माता होऊन गेली. एक श्रीमंत बाई तिला आपले दागिने दाखवून तुझे दागिने कोठें आहेत असें विचारते. तेव्हां कॉर्नेलिया शाळेंतून आलेल्या मुलांकडे बोट दाखविते. १७८५ सालचें हें चित्र अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील संग्रहालयांत आहे. चित्रांत दोन मुलगे आहेत, तशी आईच्या हातीं हात दिलेली एक मुलगीहि आहे. दागिन्यांत मुलीचीहि गणना करावी, हें चित्रकर्तीला कोणी सांगावें लागलें नसेल.

१७९५ च्या डिसेंबरांत झुक्की वारला. १७९८ सालीं फ्रेंच फौजा रोमांत शिरल्या व जुने दिवस पालटले. तरी बाईंचें काम चालूच राहिलें. ५ नोव्हेंबर १८०७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. अंत्ययात्रेची व्यवस्था सुप्रसिद्ध शिल्पकार कानोव्हा यानें केली. महान् चित्रकार राफाएल याच्या अंत्ययात्रेच्या धर्तीवर बाईंचीं दोन चित्रें शवाबरोबर मिरवीत नेलीं, व सांत आंद्रेआ देल्ले फ्राते या चर्चमध्यें पतीशेजारीं त्यांचें दफन झालें. श्वार्त्सेनबेर्गला आज त्यांच्या नांवाचें संग्रहालय आहे. आणि २०२४ सालीं लंडनच्या त्याच रॉयल अकादमीनें, जिच्या समूहचित्रांत त्या भिंतीवर टांगल्या गेल्या होत्या, त्यांच्या चित्रांचें स्वतंत्र प्रदर्शन भरविलें.

अशी ही कथा. आंजेलिकाबाईंची प्रतिभा दैवी होती असें म्हणून आपण मोकळे होऊं नये. कारण प्रतिभा कोणाच्या घरीं जन्म घेईल याचा नेम नाहीं, पण जन्मल्यावर तिचें काय करावयाचें हें घराच्या हातीं असतें. एका सामान्य चित्रकारानें मुलीला आपल्यापुढें जाऊं दिलें, कठीण काम तिच्यावर सोंपविलें, आणि ती ठेंचाळली तेव्हां तिची विद्या बंद केली नाहीं. दुसऱ्यानें तिच्या कामाचा हिशेब लिहिला. मात्र मनाचा हिशेब त्याच्याकडून राहून गेला. पहिल्या तिहींचें अनुकरण करावें, शेवटच्या चुकीपासून सावध राहावें. त्याचा आरंभ अगदीं लहान गोष्टीपासून करतां येईल. घरांतील मुलगी चित्र काढीत बसली असेल, तर पाटपाणी घेण्यासाठीं तिला हांक मारण्यापूर्वीं कागदावरील रंग अजून ओला आहे कीं काय, एवढें एकदां डोकावून पाहावें.